कुचेराबाईंचं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचं माझ्या डोक्यात आलं ते एका रंगीत पुस्तिकेमुळे. गावात सगळे म्हणतात की चोरांमुळे. लोक उगाच चोरांना नको तेवढं श्रेय देतात.

चोर आले होते, हे खरं. मका हातात येण्याच्या सुमारास आमच्या परसातल्या टाकीतून कुणीतरी डिझेल काढून नेलं आणि जाता जाता माझा बागेला पाणी घालायचा पाइपही उचलला. डिझेलचं मला एवढं वाटलं नाही. पाइप मात्र नुकताच आणला होता. मी शेरीफच्या ऑफिसात फोन केला. त्यांचा माणूस यायच्या आत माझी भांडी घासून झाली, कपडे वाळत घालून झाले आणि भोपळ्याचं सारण भरलेला 'पाय' भट्टीत फुगून खालीही बसला. आल्यावर त्याने टाकीभोवती एक चक्कर मारली, टोपी मागे सरकवली आणि "डिझेल गेलंय," असं निदान केलं. मी त्याला त्या 'पाय'चा एक तुकडा दिला आणि वाटेला लावलं.

माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं होतं. पण पुढच्याच रविवारी आमचा कर्टिस ओमाहाहून आला आणि त्याने जेवणाच्या टेबलावर, बटाट्यांच्या वाडग्याला टेकवून, ती पुस्तिका उभी केली. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात, हातात लाल चेंडू घेऊन उभं होतं. दोघंही हसत होती. चेंडू घेऊन पाण्यात उभं राहण्यात हसण्यासारखं काय आहे, ते आत लिहिलेलं नव्हतं. आत फक्त एका खोलीच्या फ्लॅटचे नकाशे होते.

"आई, तू इथे एकटी," कर्टिस म्हणाला. "या रस्त्यावरून दिवसभरात दोन गाड्या जातात."

"त्यातली एक टपालाची," मी म्हटलं. "म्हणजे चोराची एकच उरली. नंबर लिहून ठेवीन."

"थट्टा नको. थँक्सगिव्हिंगपर्यंत काय ते ठरव. घर विकू. ही वृद्धनिवासाची जागा आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. तिथे सगळं करतात तुझं."

मला माझं सगळं दुसऱ्या कुणी करायला नकोच होतं. हे घर माझ्या नवऱ्याने, मिलोने, आणि मी बांधलं. स्वयंपाकघरातली अक्रोडाची कपाटं मिलोने स्वतः रंधा मारून केली. त्यातलं डावीकडचं दार पावसाळी हवेत फुगतं आणि त्याला कोपराने ढकलावं लागतं. मिलोला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि ते दार कोपराने ढकलणारी आता मी एकटीच होते. ते कुणा परक्याच्या कोपरावर सोडून मी चेंडू घेऊन पाण्यात उभी राहणार होते की काय! मला संताप आला. रागाच्या भरात माणूस एकाला जोडून दुसरं बोलतो, तसं मी बोलले.

"ऐक कर्टिस. या घरातून मी निघेन ती खांद्यावरूनच. आणि मी पिस्तूल विकत घेणार आहे."

पोरगा पांढराफटक पडला. काटा तसाच हातात राहिला. मला वाटलं, वादात आपण जिंकलो. त्या आनंदात मी त्याला आणखी दोन बटाटे वाढले.

आता आमच्या डोडरिज गावची रीत सांगायला हवी. इथे एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती चर्चच्या पत्रकात छापावी, कारण ते कुणी वाचत नाही. मी मात्र ती शार्लाच्या केस कापायच्या दुकानात बोलले. केस वाळायच्या आत सल्ले सुरू झाले. शार्ला म्हणाली, पर्समध्ये मावेल असं छोटं घ्या. शेजारच्या खुर्चीतली म्हणाली, छोटं मुळीच घेऊ नका, छोटं फार हिसका देतं, तिच्या नणंदेचा चष्मा फुटला होता. औषधाच्या दुकानदाराने माझ्या गुडघ्यांच्या गोळ्या मोजता मोजता बंदुकीच्या गोळ्यांचे प्रकार सांगितले. आमच्या फादरनी आधी देवावर भरवसा ठेवायला सांगितलं आणि मग आवाज खाली आणून नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सुचवलं. ज्या गावात मला गुडघ्यासाठी चांगला डॉक्टर कुणी सुचवू शकलं नव्हतं, त्या गावात या विषयातले तज्ज्ञ घरटी एक निघाले.

त्या सगळ्यांवर कडी केली ती व्हर्लिन स्टुहरने. व्हर्लिन आमच्या शेताच्या पलीकडे राहतो. मिलोचा लंगोटीयार. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून त्याला बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून तो मिळेल त्याला मदत करतो.

"वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," तो कुंपणाशी ट्रक थांबवून म्हणाला. "मी आहे ना. पुढच्या शनिवारी मेळ्याच्या मैदानावर बंदुकांचा बाजार आहे. मी तुम्हाला घेऊन जातो, निवडून देतो, सगळं बघतो."

"मी आहे ना" हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या पुरुषाकडून ऐकलं, त्या त्या वेळी मला पुढे दुप्पट काळजी करावी लागली आहे. पण मला त्या बाजारातलं काही कळत नव्हतं, आणि व्हर्लिनच्या घरी चौदा बंदुका होत्या. मी हो म्हटलं.

तर, बाजारात जाण्याआधी शेरीफचा दाखला लागतो. आमच्या नेब्रास्कात दाखल्याशिवाय पिस्तूल मिळत नाही. मला वाटलं, एवढंच ना! मी इस्त्रीचा ब्लाउज घालून ऑफिसात गेले. तिथे बेव्ह नावाची बाई काचेमागे बसते. तिने माझा वाहन परवाना उलटसुलट पाहिला.

"कुचेराबाई, यावर तुमच्या टपालपेटीचा नंबर आहे. घराचा पत्ता नाही."

"टपाल तिथेच येतं ना माझं."

"टपाल येतं. पण तुम्ही पेटीत राहत नाही ना? राहत्या घराचा पत्ता असलेला सरकारी कागद आणा. काहीही चालेल. ट्रकची नोंदणी, घरपट्टी."

मी घरी आले आणि खण उपसले. ट्रकची नोंदणी मिलोच्या नावावर. घरपट्टी मिलोच्या नावावर. विहिरीचा कागद मिलोच्या नावावर. ही नावं बदलून घ्यायची होती, ते मला माहीत होतं. पण प्रत्येक वेळी फॉर्म समोर ठेवला की काहीतरी दुसरं काम आठवायचं. सरकारदरबारी या पत्त्यावर माझा नवरा व्यवस्थित राहत होता, आणि मी त्याच्याकडे पाहुणी आलेली असावी असं दिसत होतं. मी सगळे कागद घेऊन परत गेले.

"हे मिलोचे आहेत," बेव्ह म्हणाली. मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "बाई, नावं बदलायला महिना जाईल. एक करा. मासे धरायचा परवाना काढा. तो सरकारीच असतो, त्यावर राहता पत्ता छापतात, आणि तो लगेच मिळतो."

मी आयुष्यात मासा धरला नाही. मिलो धरायचा, आणि मी, ते साफ करावे लागू नयेत म्हणून, डोकं दुखतंय असं सांगायचे. पण अडला हरी म्हणतात तसं झालं. शेतीसामानाच्या दुकानात जाऊन मी परवाना मागितला. दुकानदार म्हणाला, "वा बाई! या वयात नवीन छंद! कुठले मासे?"

"शेरीफच्या ऑफिसातले," मी म्हटलं.

अशा रीतीने मला आधी मासे मारायचा हक्क मिळाला आणि त्याच्या जोरावर पिस्तूल बाळगायला मी लायक ठरले. दाखला हातात आला तेव्हा बेव्हने काचेखालून माझा हात दाबला. मी तो दाखला पाकिटात मिलोच्या फोटोमागे ठेवला.

शनिवारी व्हर्लिन सकाळीच हजर झाला. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत, आणि ट्रकमध्ये मागे तीन बंदुका.

"या विकायच्या?" मी विचारलं.

"छे! बंदुकांच्या बाजारात रिकाम्या हाताने जायचं का, वहिनी?"

मेळ्याच्या ज्या पत्र्याच्या मंडपात उन्हाळ्यात गाईगुरांची स्पर्धा भरते, त्यातच हा बाजार भरला होता. वास अजून गाईंचाच होता. दाराशी एक माणूस हातावर शिक्का मारत होता आणि दुसरा, बरोबर आणलेल्या बंदुका रिकाम्या आहेत ना ते बघून, त्यांच्या नाकात वेसण घातल्यासारखी प्लॅस्टिकची पट्टी अडकवत होता. व्हर्लिनच्या तीन वेसणी होईपर्यंत मी बाजूला उभी राहिले. आत लांबच लांब टेबलं, आणि त्यांवर पिस्तुलं मांडलेली, सराफाकडे बांगड्या मांडतात तशी. मधूनमधून वाळवलेलं मांस, वायरीची खेळणी, रुबार्बचा मुरांबा. एक माणूस पन्हळीला बसवायच्या जाळ्या विकत होता. त्याच्याशी मी बराच वेळ बोलले, कारण आमची पन्हळ खरंच तुंबते. व्हर्लिनने मला दंडाला धरून ओढत नेलं.

पहिल्याच टेबलावरच्या माणसाने मला बघितलं आणि काही न विचारता गुलाबी पिस्तूल पुढे केलं.

"लेडीज मॉडेल," तो म्हणाला.

मी तीसेक वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला आहे. गुलाबी रंगाला कुणी घाबरलेलं मी पाहिलं नाही. मी दुसरं मागितलं. त्याने काळं दिलं आणि म्हणाला, वरचा भाग मागे ओढून बघा. मी ओढला. तो अर्ध्यावर आला, थांबला, आणि परत जाताना माझ्या अंगठ्याजवळची कातडी घेऊन गेला. मी ओरडले. व्हर्लिनने ताबडतोब जमलेल्या लोकांना माझ्या सांधेदुखीची माहिती द्यायला सुरुवात केली.

"आमच्या वहिनींच्या बोटांत जोर नाही हो. बरणीचं झाकणसुद्धा मलाच उघडावं लागतं."

हे धादांत खोटं होतं. एकदा, एकाच बरणीचं झाकण त्याने उघडलं होतं, आणि ते मी आधीच सैल केलेलं होतं. पण बघता बघता सात-आठ पुरुष गोळा झाले. कुणी म्हणालं मनगट असं धरा, कुणी म्हणालं पाय फाकवून उभ्या राहा, एकाने माझा कोपर धरून तो योग्य जागी बसवला. माझ्या कोपराविषयी इतकी आस्था लग्नातसुद्धा कुणी दाखवली नव्हती. घाम फुटला मला, पण मी ठरवून आले होते. इथून रिकाम्या हाताने परत जायचं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलामागून आवाज आला, "कुचेराबाई!"

दाढीवाला, पोट सुटलेला, चांगला चाळिशीतला माणूस ताडकन उभा राहिला. त्याची खुर्ची मागे पडली, आणि त्याने तोंडातलं चुइंगम गिळलं. त्यावरून मी ओळखलं. रँडी स्लाडेक. चौथीत तिसऱ्या बाकावर बसायचा. आता बंदुकांचं दुकान चालवतो, हे मी ऐकून होते.

"बाई, तुम्ही? बसा ना. हात दाखवा. कुणी दिलं तुम्हाला ते ओढायचं पिस्तूल?"

त्याने माझ्या हातात एक साधं रिव्हॉल्व्हर ठेवलं. ओढायचं काही नाही, चिमटायचं काही नाही. हातात बसलं छान. जुन्या लाटण्याची मूठ हाताला बसते तसं. मी म्हटलं, हेच.

इथवर माझं नशीब ठीक होतं. मी कार्ड काढलं. पत्र्याच्या मंडपात रँडीच्या मशीनला सिग्नल मिळेना. दाराशी पैसे काढायचं यंत्र होतं, त्यावर "बंद" अशी पाटी. मी पर्समध्ये शोधाशोध करतेय, तोवर व्हर्लिनने खिशातून नोटांची गुंडाळी काढली आणि टेबलावर आपटली.

"हे घे रँडी. पिस्तूल मी बघितलंय, चांगलं आहे. पैसे मी देतो. तू वहिनींच्या नावावर कर. त्या फक्त सही करतील."

रँडीचा चेहरा बदलला. त्याने माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर अलगद काढून घेतलं आणि खोक्यात ठेवून झाकण लावलं.

"बाई, ही विक्री मला करता येणार नाही."

"का रे?"

"एकाने निवडायचं, पैसे त्यानेच द्यायचे आणि सही दुसऱ्याने करायची, याला आमच्यात एकच अर्थ आहे. माणूस स्वतःसाठी घेतोय आणि कागदावर दुसऱ्याला उभं करतोय. तो गुन्हा आहे. मला तसा संशय आला तर मी विकायचं नसतं. माझा परवाना जाईल."

"मी?" व्हर्लिन गरजला. "अरे, माझ्या घरी चौदा पडल्यात! मला तुझं हे खेळणं कशाला?"

"व्हर्लिनकाका, असंच सगळे म्हणतात."

"वहिनी, सांगा ना त्याला! वहिनी मी सांगतो तसंच करतात, विचार कुणालाही!"

मांस कापणाऱ्याची सुरी थांबली. पन्हळवाला मान उंच करून बघायला लागला. कॉपी करणाऱ्या पोरांना मी कान धरून वर्गाबाहेर काढलं आहे, आणि आज भर बाजारात, माझ्याच विद्यार्थ्याने, मला दुसऱ्याच्या वतीने परीक्षेला बसलेली म्हणून उठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पर्स उचलली आणि ताठ मानेने दाराकडे निघाले. मागून व्हर्लिन तीन बंदुका सांभाळत येत होता.

वाटेत तो म्हणाला, "चूक त्या पोराचीच—"

"व्हर्लिन, ट्रक चालवा."

संध्याकाळपर्यंत डोडरिजमध्ये बातमीला तीन फाटे फुटले होते. एक, अर्लीन कुचेरा आणि व्हर्लिन स्टुहर यांना बाजारात पोलिसांनी पकडलं. दोन, ते दोघं मिळून बंदुकांचा धंदा काढताहेत. तीन, दोघं लग्न करताहेत आणि पिस्तूल ही नवरदेवाकडची भेट होती. शेवटच्या बातमीने मला जास्त चीड आली, कारण ती ऐकून व्हर्लिनने म्हणे नाही म्हटलं नाही, फक्त हसला. अंधार पडता पडता कर्टिसचा फोन आला.

"आई, तू आणि व्हर्लिनकाका..."

"आधी सांग, तुझ्यापर्यंत यातलं कुठलं पोचलंय?"

"लग्नाचं."

"ते खोटं."

"बरं. आणि पिस्तूल?"

"ते उद्या. बाजार दोन दिवस आहे."

मग तो म्हणाला, "मी उद्या येतो."

"ये. कोलाचे भाजणारच आहे चर्चच्या जेवणासाठी. खसखस भरलेले गोड पाव तुला ठेवते."

रविवारी प्रार्थना झाल्यावर मी पेट्रोल पंपावरच्या यंत्रातून माझे पैसे काढले. बाहेर व्हर्लिनचा ट्रक उभाच होता.

"वहिनी, मी नुसता लांब उभा राहतो. एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही चर्चच्या तळघरात जाऊन बटाटे सोला," मी म्हटलं. "तिथे बोललात तरी चालेल."

मी एकटी ट्रक चालवत मेळ्याच्या मैदानावर गेले. काल माझा कोपर सांभाळणारे सगळे तिथेच होते, पण आज कुणी जवळ आलं नाही. रँडी उभा राहिला. मी नोटा टेबलावर ठेवल्या.

"पैसे माझे. पसंती माझी. सही माझी. आणि व्हर्लिन स्टुहर बटाटे सोलतोय. आणखी काही?"

"फॉर्म भरा, बाई."

मी दाखला आणि मासेमारीचा परवाना शेजारी ठेवून फॉर्म भरला. एका ठिकाणी तारीख चुकली, मी ती खोडून वर दुसरी लिहिली. रँडीने वाचलं, डोकं हलवलं आणि कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"बाई, खाडाखोड चालणार नाही. पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढा."

हे वाक्य त्याने कुठून उचललं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी निमूट पुन्हा लिहून काढलं. त्याने ते नीट तपासलं. पण पैसे घेतले नाहीत. नोटांवर हात ठेवून बसला.

"बाई, मिलोकाकांना जाऊन वर्ष होईल ना आता?"

"पुढच्या महिन्यात."

"झोप लागते रात्री?"

"गुडघे झोपू देतील तेवढी."

"जेवता ना वेळेवर? कुणाशी बोलणं होतं?"

मला राग आला. "रँडी, ही चौकशी कुठल्या फॉर्मात आहे?"

"कुठल्याच नाही, बाई. ही माझी आहे." त्याने मान वर केली नाही. "हे घेऊन गेल्यावर पुढच्या आठवड्यात काय करणार आहात?"

"काय म्हणजे?" मी म्हटलं. "उद्या अख्ख्या गावाचं जेवण आहे चर्चमध्ये! कोलाचे कोण करणार, तू? ते झालं की पन्हळीला जाळी बसवायची आहे. त्या माणसाला सांगितलंय मी. आणि वसंतात कोंबड्या आणायच्यात, त्यांचं खुराडं दुरुस्त करायला हवं. मला डोकं खाजवायला सवड नाही, आणि तू इथे माझी झोप मोजत बसलायस!"

त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. चौथीतला मुलगा गणिताचं उत्तर बरोबर आलं की नाही ते बाईंच्या चेहऱ्यावर शोधतो, तसं. मग त्याने नोटा उचलल्या. रिव्हॉल्व्हर एका पोलादी पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि दोन्ही चाव्या माझ्या हातात दिल्या.

"पेटी माझ्यातर्फे," तो म्हणाला. "आणि बाई, जेवणाला मी येणार आहे. तुम्ही दिसला नाहीत तर घरी येईन बघायला."

काय हा आगाऊपणा, असं पुटपुटत मी घरी आले.

कर्टिस पायरीवर बसला होता. घराची किल्ली असून आत गेला नव्हता. मी पेटी घेऊन ट्रकमधून उतरले, तर त्याची नजर पेटीवरून हलेना. आत येऊन मी ती टेबलावर ठेवली आणि कॉफी टाकली. तो उभाच.

"आई, ते परत कर."

"मुळीच नाही. माझ्या घरात चोर शिरला तर—"

"चोरांचं सोड गं! चोरांची मला कधीच काळजी नव्हती." त्याचा आवाज चिरकला. "तू फोन उचलत नाहीस. बाबांचे कोट देऊन टाकलेस. जिलला, तुझ्या सुनेला, तो चांगला कपबशांचा सेट दिलास, आजीचा. जी माणसं सगळं वाटून टाकायला लागतात ती... आणि आता हे. तू एकटी, आणि घरात हे."

मला आधी काही कळलं नाही. मग सगळंच एकदम कळलं. ती पुस्तिका का आली होती, आणि रँडी माझी झोप का मोजत होता. मी खुर्ची ओढून बसले. खरं सांगायचं तर जानेवारीत असे काही दिवस आले होते, की सकाळी उठून कॉफी कुणासाठी करायची तेच सुचायचं नाही. फोन वाजायचा आणि मी त्याच्याकडे बघत राहायचे. ते दिवस गेले. मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं होतं, कुणाला कळलं नाही. आणि हा माझा मुलगा तिकडे ओमाहात बसून ते सगळं जाणून होता, आणि घाबरून चोरांचं नाव पुढे करत होता.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "तो सेट तुझ्या आजीने माझ्या गळ्यात मारला होता. सोनेरी कड, एकेक बशी हाताने धुवायची. चाळीस वर्षं सोसला मी. मला मरायचं नव्हतं रे, मला तो धुवायचा नव्हता."

त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्याला ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारल्या.

"मग मला सरळ विचारायचं होतंस."

"असं कसं विचारायचं, आई?"

"तोंडाने. विचार."

तो माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "तू बरी आहेस ना? म्हणजे, तू असं काही करणार नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "आणि पुन्हा कधी जानेवारीसारखं वाटलं, तर फोन उचलेन. तू नाही केलास तर मी करेन."

आम्ही कॉफी प्यायलो. खसखशीचे दोन कोलाचे त्याने खाल्ले, तिसरा हातात धरून बसला. डोळे मात्र पुन्हा पुन्हा त्या पेटीकडे जात होते. पिस्तूल परत करायचा प्रश्नच नव्हता. ज्यासाठी मी मासेमार झाले, भर बाजारात नाक कापून घेतलं, ते मी दुकानात परत करणार नव्हते. आणि घरही सोडणार नव्हते. पण पोराला रात्री झोप यायला हवी होती. मी पर्समधून चाव्या काढल्या आणि दोन्ही त्याच्या हातावर ठेवल्या.

"या ओमाहाला घेऊन जा."

"दोन्ही? आणि चोर आला तर?"

"तर मी त्याला बसवून कोलाचे देईन आणि तुला फोन करीन. तू लगेच निघ. अडीच तासांत पोचशील."

थँक्सगिव्हिंगला घर विकायचा विषय निघाला नाही. कर्टिस आता एक शनिवार सोडून येतो, चावी घेऊन. आम्ही ओढ्याकाठी ओंडक्यावर रिकामे डबे मांडतो. माझे पडतात, त्याचे पडत नाहीत, आणि व्हर्लिन कुंपणापलीकडून आम्हा दोघांनाही मनगट कसं धरायचं ते ओरडून सांगतो. मग जेवण होतं, फुगलेलं दार कर्टिस कोपराने ढकलतो, पेटी बंद होते आणि चावी ओमाहाला जाते.

चोर अजून आलेला नाही. त्याला यायचंच असेल तर त्याने मधल्या वारी यावं, त्याचं स्वागत आहे. शनिवारी मात्र येऊ नये. शनिवारी माझा मुलगा घरी असतो.